नदीमभाईंची गाडी

गाडीच्या काचेवर चिकटवलेला लाल कागद पाहिला आणि डॉक्टर उमाकांतांच्या हातातलं फडकं गळून पडलं. अरबी त्यांना कामापुरतीच येई. पण वर बलदियाचा शिक्का होता, आणि जेद्दाची ही नगरपालिका असल्या कागदावर काय लिहिते ते गल्लीतल्या पोरासोरांनाही ठाऊक होतं. बेवारस वाहन. मुदतीत हलवलं नाही तर उचलून नेण्यात येईल.

"बेवारस?" ते मोठ्यानं म्हणाले. "अहो, रोज पुसतोय मी!"

गाडी त्यांची नव्हतीच. त्यांना चालवताही येत नसे. आजवरची सगळी नोकरी हॉस्पिटलच्या बसनं जाण्यायेण्यात गेली. गाडी खालच्या मजल्यावरच्या नदीमभाईंची. नदीमभाई दापोलीचे, इथे मसाल्यांचा व्यापार करणारे. डॉक्टरांची बायको सुहासिनी आजारपणात गेली तेव्हा दवाखान्यापासून कागदपत्रांपर्यंत सगळं त्यांनीच निस्तरलं होतं. उमाकांत तेव्हा नुसते खुर्चीत बसून होते.

त्यानंतरही ते बसूनच राहिले. दिवसभर एक्स-रे विभागातली अंधारी खोली, मग पडदे ओढलेला फ्लॅट. डबा दाराशी येई. कॅनडातली लेक फोन करी, तिला "बरा आहे" म्हटलं की संपलं. माणूस किती एकटा पडू शकतो हे दाखवण्याचा जणू त्यांनी विडाच उचलला होता.

अशात नदीमभाईंची म्हातारी आई अंथरुणाला खिळली आणि ते लांबच्या रजेवर गावी निघाले. जायच्या आधी गाडी गॅरेजात नेली. परत आणली ती चक्क ट्रकवर चढवून, आणि इमारतीसमोर उतरवून लावली.

"डॉक्टर, एवढं एक काम करा. रोज संध्याकाळी खाली उतरून गाडी पुसत जा. इथली धूळ तुम्हाला माहीत आहे. जरा साठली की बलदियाला वाटतं, गाडी टाकून दिली."

"अधूनमधून चालू करून ठेवू का?"

"अजिबात नको! तुमचा हात बसलेला नाही तिच्यावर. चावी असू द्या, पण फक्त पुसा."

उमाकांत कुरकुरले. पण शब्द दिला म्हणजे दिला. सुरुवातीला ते उतरायचे, चोरासारखी गाडी पुसायचे आणि वर पळायचे. गाडीचं नाक जरा वर उचललेलं दिसे. रस्त्याचा उतार असेल, असं म्हणून ते तेही पुसत.

मग एकदा समोरच्या घरातल्या अबू सालेह या म्हाताऱ्यानं त्यांना हाक मारली आणि शेजारची प्लास्टिकची खुर्ची पुढे सरकवली. कहवा दिला, खजूर दिले. मोडक्यातोडक्या अरबीत गप्पा सुरू झाल्या. रस्ता झाडणारा बंगाली माणूस सलाम करू लागला. हळूहळू पुसणं पटकन उरकू लागलं आणि बसणं सूर्यास्ताच्या, मगरिबच्या अजानपर्यंत लांबू लागलं.

दर गुरुवारी संध्याकाळी नदीमभाईंचा फोन ठरलेला.

"काय डॉक्टर, उतरलात का खाली?"

"उतरलो."

"कोण भेटलं? काय बोललात?"

सगळं ऐकून घेतल्याशिवाय ते ठेवत नसत. गाडीवर काय जीव आहे या माणसाचा, असं उमाकांतांना वाटे.

आणि आता हा लाल कागद. रात्रभर त्यांचा डोळ्याला डोळा लागला नाही. गाडी गेली तर नदीमभाई परत कशाला येतील? ती होती म्हणून तर ते येणार होते.

सकाळी रजा टाकून त्यांनी बलदियाचं शाखा कार्यालय गाठलं. काउंटरवरच्या सौदी बाईंनी पडद्यावर त्यांची गल्ली काढली. दिव्याचे खांब, झाडं, कचऱ्याच्या पेट्या, गटारांची झाकणं, सगळ्याचे ठिपके होते. एक खांब लाल दिसत होता.

"तो दिवा बंद पडलाय," बाई इंग्रजीत म्हणाल्या. "आज बदलतील."

उमाकांत त्या ठिपक्याकडे बघत राहिले. आपण बंद पडलो होतो तेव्हा कुठल्या पडद्यावर दिसलो असू, या विचारानं त्यांना एकदम भरून आलं.

"गाडीचा मालक कोण?"

"मित्र. रजेवर गेलाय. येणार आहे तो!" शेवटचं वाक्य कोणी विचारलं नव्हतं.

"गाडी स्वच्छ आहे, डॉक्टर. पण चालू होते का? होत असेल तर इन्स्पेक्टर कागद काढेल. नसेल तर खलास."

गुरुवारी दुपार कलल्यावर फहद नावाचा तरुण इन्स्पेक्टर आला. उमाकांतांनी चावी त्याच्या हातात दिली. त्यानं ती फिरवली. गाडीनं हूं की चूं केलं नाही.

"बॅटरी उतरली असेल!" उमाकांत गयावया करत म्हणाले. "अबू सालेह, तुमच्याकडे केबल आहे ना? द्या ना जरा."

म्हातारा खुर्चीतून हलला नाही. "आधी कहवा घ्या," तो म्हणाला.

"कहवा कसला घेऊन बसलात! गाडी नेतील ते!"

अबू सालेहनं मान खाली घातली. शेवटी फहदनंच आतला खटका ओढला, पुढे जाऊन बॉनेट उचललं, आणि तो तसाच उभा राहिला. मग त्यानं डॉक्टरांना हातानंच जवळ बोलावलं.

आत इंजिन नव्हतं. नुसता रिकामा खळगा, आणि त्यातून खालचा रस्ता दिसत होता. चोरीचं काम नव्हे. वायरींची टोकं नीट गुंडाळून बांधलेली होती आणि त्यांवर जुन्या धुळीचा जाड थर बसला होता.

तेवढ्यात खिशातला फोन वाजला. उमाकांतांनी तो कसाबसा कानाला लावला.

"काय डॉक्टर," नदीमभाईंनी नेहमीसारखंच विचारलं, "उतरलात का खाली?"