दोन डबे, तीन बाटल्या

आज वार कोणता, तारीख कोणती, शंभरातून सात-सात वजा करत खाली या. बाबांनी सगळं घडाघडा सांगितलं. तपासायला घरी आलेल्या डॉक्टरांनी पेनाला टोपण लावलं आणि मुलीकडे पाहिलं.

"यांना काय झालंय? माझ्यापेक्षा तल्लख आहेत."

स्मृतिभ्रंश झालेल्यांच्या वृद्धाश्रमात एक खोली मोठ्या मुश्किलीने रिकामी झाली होती, पण तो आजार असल्याचं डॉक्टरांनी लिहून दिल्याशिवाय तिथे बाबांना कोणी घेणार नव्हतं. आणि बाबा आपण होऊन घर सोडणाऱ्यांतले नव्हते. आठ वर्षं त्यांचं पथ्यपाणी सांभाळून तिचा जीव मेटाकुटीला आला होता.

"तेवढं पाठ आहे त्यांना," ती म्हणाली. "परवा गॅस चालू ठेवून झोपले."

"कधी?" बाबांनी विचारलं.

"बघा, आठवतही नाही."

चौतीस वर्षं बाबांनी शाळेत गणित शिकवलं होतं. दोन समीकरणांची शाब्दिक उदाहरणं म्हणजे त्यांच्या डाव्या हातचा मळ. "त्यातलंच एक देऊया का?" असं म्हणत तिने पर्समधून कागद काढला.

बाबांनी मोठ्याने वाचलं, "दोन डबे आणि तीन बाटल्या मिळून सात किलो. चार डबे आणि सहा बाटल्या मिळून पंधरा किलो. तर एका डब्याचं आणि एका बाटलीचं वजन किती?"

"माझं गणित कच्चं," डॉक्टर हसले. "तुम्हीच सोडवा, सर."

"नाही सुटलं तर?"

"तर वृद्धाश्रमात राहायला जावं लागेल, बाबा. तुमच्याच काळजीपोटी."

बाबांनी दोन ओळी लिहिल्या. मग मान वर करून मुलीकडे बराच वेळ पाहिलं. कागद उलटा करून आणखी काही खरडलं, पुन्हा सुलटा केला.

"डबा दोन किलो, बाटली एक."

"चार डबे आठ, सहा बाटल्या सहा. चौदा झाले, बाबा. पंधरा हवेत."

"अरेच्चा! चुकलं वाटतं."

"जन्मभर शिकवलेलंच विसरले," डॉक्टर हळहळले आणि त्यांनी फॉर्मवर सही केली. बाबांनी त्यांना दारापर्यंत सोडलं.

तिने घाईघाईने कागद चुरगळायला घेतला. मागच्या बाजूला फळ्यावरच्यासारखं टपोरं अक्षर होतं: 'डबे दुप्पट, बाटल्या दुप्पट, मग वजन चौदाच. असं उदाहरण चुकून तयार होत नाही, बाळा. माझी बॅग भर.'