गोधडीतल्या पिसवा

"तात्या, ती गोधडी उकळल्याशिवाय पिसवा काही हटायच्या नाहीत," जनावरांच्या डॉक्टरीणबाईंनी तिसऱ्यांदा बजावलं.

खंड्याला औषधाची आंघोळ घालून झाली, कानाकोपरा झाडून झाला. तरी खाजवून खाजवून कुत्रा आणि मालक दोघंही रडकुंडीला आले होते. राहिली होती फक्त बायकोची गोधडी. ती वारल्यापासून दोघं त्याच गोधडीवर झोपत. बायकोचा वास जाईल म्हणून तात्यांनी गोधडीला पाणी लागू दिलं नव्हतं.

"दमलो रे आता," असं खंड्याला म्हणत त्यांनी अखेर ती हंड्यातल्या उकळत्या पाण्यात दाबली.

वाफेबरोबर तोच वास घरभर उठला. निपचित पडलेला खंड्या ताडकन उठून शेपूट हलवत दाराकडे धावला.

तात्यांनीही वळून दाराकडे पाहिलं.