हिरव्या पक्षाची बाई

कादिर आखातातल्या जुबैलच्या किनाऱ्यावर आला तो ईदचा सदरा घालून. हातात धाकट्या भावाचा, शारीकचा फोटो. कुवेतमध्ये इराकी फौज शिरली त्याला सहा महिने झाले होते. तेव्हापासून तिथे असलेल्या शारीकचं पत्र नव्हतं. गावी म्हसळ्याला आईने जेवण जवळजवळ सोडलं होतं.

त्याच्या कंपनीतला स्टोअरकीपर हेमचंद्र मेसमध्ये सहज बोलून गेला, "युरोपातून कुठलासा हिरवा पक्ष मदतीला आलाय." कादिर हरखला. हिरवा म्हणजे आपल्याच लोकांचा, आणखी कुणाचा? गावाकडे निवडणुकीत शेंबडं पोरसुद्धा एवढं ओळखतं. जुम्म्याच्या सुट्टीत तो हेमचंद्रला दुभाषा म्हणून ओढूनच घेऊन आला.

शेडमध्ये एक थकलेली गोरी बाई टबात काळाकुट्ट पक्षी धूत होती. मागे सगळा समुद्र लढाईत सांडलेल्या तेलाने माखलेला. लाटांना आवाजही उरला नव्हता.

"साहेब, सांगा तिला. माजा भाव कुवेतला हाय. पत्ता काडा म्हनावं."

हेमचंद्रने सांगितलं. बाई फोटोकडे बघत राहिली. मग खालच्या आवाजात बोलली आणि हेमचंद्र मराठीत सांगत गेला. "त्यांचा पक्ष अगदी लहान आहे, कादिर. संसदेत दोन माणसं. ना उजवीकडचे, ना डावीकडचे. झाडं, पाणी, हवा हेच त्यांचं काम. लढाई नको म्हणाले, कुणी ऐकलं नाही. म्हणून निदान पक्षी वाचवायला आलेत."

"मान्सांचं नाय बगत?"

हे इंग्रजीत सांगायचा हेमचंद्रला धीर झाला नाही.

तेवढ्यात टबातला पक्षी धडपडला. बाईला एकटीला आवरेना. कादिरने फोटो खिशात ठेवला आणि पुढे होऊन दोन्ही हातांनी पंख धरले. पक्ष्याचं काळीज बोटांखाली धडधडत होतं.

"कुठनं आला ह्यो?"

हेमचंद्रने विचारलं. "कुवेतच्या बाजूने, म्हणते. तेलाबरोबर वाहत."

कादिर तसाच ओल्या जमिनीवर बसला. सदरा तेलाने बरबटला, पण त्याचं तिकडे लक्षच नव्हतं. अंगठ्याने त्याने पक्ष्याच्या डोळ्यावरचं तेल हळूच पुसलं.

धुणं संपलं. बाईने पक्षी घ्यायला हात पुढे केले. खोक्यांमधून आणखी कितीतरी वाट बघत होते.

"दे आता, कादिर," हेमचंद्र म्हणाला.

कादिरने पक्षी छातीशी धरला.

"जरा बसू द्या त्याला, साहेब. लांबनं आलाय."