दुसरा फोटो

नांदेडच्या एक्स-रेत जनकाची छाती आरशासारखी स्वच्छ निघाली, तेव्हा तिच्या नवऱ्यानं, जळबानं, तो काळा फोटो गावी, कुरुंद्याच्या पारावर उन्हाला धरून दाखवला होता. “बघा, कायबी न्हाई. कामाचा कंटाळा, दुसरं काय!” मग ती धापा टाकत हळदीच्या पाट्या वाहत राहिली. आज मुंबईच्या डॉक्टरनं त्या फोटोशेजारी दुसरा धरला. सुई टोचून नव्या मशिनीनं काढलेल्या फोटोत अर्धी छाती गायब होती. “एक्स-रेत फुप्फुस दिसतं, त्यात रक्त पोचतंय का ते दिसत नाही. रक्त अडलंय. फार उशीर झाला.” जळबा बाहेर आला, तशी जनकाच ओशाळून उठली. “आताबी कायबी न्हाई ना? उगंच तुमाला तकलीफ.” तिनं गाठोडं डोक्यावर ठेवलं. जळबानं ते आपल्या डोक्यावर घेतलं, लग्नानंतर पहिल्यांदाच. जनका परत खाली बसली. “माझे किती दिवस राह्यले?”