शिकलेली खुर्ची

"आई, ये बाहेर!" लेकाने बैठकीच्या खोलीतून हाक मारली. तिच्या आजारपणानंतर पाहुण्यांसमोर त्याने आईला अशी हाक पहिल्यांदाच मारली होती.

समोर सोफ्यावर कारखानदार बसले होते. लेकाने आईसाठी बनवलेली चाकांची खुर्ची पसंत पडली, तर ते ती बनवायला घेणार होते. लेक नुसता फुलून गेला होता. "साधी मोटर म्हणजे एकतर पळ, नाहीतर थांब. हिच्यात फझी लॉजिक आहे, साहेब. 'जरा', 'बेताने', 'बऱ्यापैकी' असं आपल्यासारखं कळतं हिला. शिवाय घरातल्यांच्या सवयी ही आपल्या आपण उचलते. एखाद्या जागी तुम्ही रोज मागून ओढून धरलंत, की पुढे तिथे स्वतःहूनच थांबते. मुद्दाम शिकवावं लागत नाही."

आतल्या खोलीतून आई निघाली. अर्धांगवायूनंतर तिचा एकच हात चालत होता, आणि तोही थरथरत होता. पण खुर्ची ती थरथर कानाआड करून तिच्या मनातलं तेवढंच ऐकत होती. टेबलाला वळसा, फ्रिजशेजारची चिंचोळी वाट, सगळं कसं अलगद. कारखानदारांनी खूश होऊन मान डोलावली.

बैठकीच्या उंबरठ्याला पुढची चाकं टेकली आणि खुर्ची थांबली. आईने हाताजवळची दांडी पुढे रेटली. खुर्ची जागची हलेना.

"चार्जिंग संपलं की काय?"

असं पुटपुटत लेक वायरी बघायला धावला आणि वाकता वाकताच त्याच्या लक्षात आलं. घरात उंबरठा हा एकच. आईचं तोंड वाकडं झालं होतं, लाळ गळायची. दाराची बेल वाजली की ती हौसेने बाहेर यायला निघायची. आणि दर वेळी इथेच, चाकं टेकताच, तो मागून तिला आत ओढून न्यायचा. "दमशील गं, पड जरा," म्हणायचा. त्याला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

"काय बिघडलंय नक्की?" कारखानदारांनी विचारलं.

आईने रुमालाने ओठ पुसले.

"माझाच हात नीट बसला नाही, साहेब," ती अडखळत म्हणाली. "त्याचं यंत्र चांगलंय. तुम्ही बोला, मी आत जाते."

तिने दांडी मागे ओढली. ही वाट खुर्चीला तोंडपाठ होती. एकही हिसका न देता ती आईला आतल्या खोलीत घेऊन गेली.