कुठल्या कप्प्यातलं?

“हे घरातलं यंत्र आहे,” कप्पेसाहेब उशीला टेकून म्हणाले. “टीव्हीला जोडलंय, दिसत नाही का?”

“हातातलं आहे,” त्यांची बायको म्हणाली आणि हॉस्पिटलच्या टीव्हीखाली ठेवलेल्या स्टँडमधून तिने ते उचललं. टीव्हीवरचा खेळ गेला आणि तिच्या हातातल्या स्क्रीनवर आला. “हे बघा. आता कुठे आहे तुमचा टीव्ही?”

ते गेमचं यंत्र लेकीने पाठवलं होतं. हॉस्पिटलात आईबाबांचा वेळ जावा, एवढाच तिचा हेतू. चपटा स्क्रीन, दोन्ही कडांना बटणं, सोबत एक स्टँड. स्टँडमध्ये ठेवलं की खेळ टीव्हीवर, उचललं की हातात. खेळही साधाच होता, ट्रकमध्ये खोकी रचायचा. पण कप्पेसाहेबांना खेळाशी देणंघेणं नव्हतं. सकाळपासून ते एकाच गोष्टीवर अडून बसले होते. हे यंत्र नक्की कुठल्या कप्प्यातलं?

त्यात नवल काहीच नाही. जन्मभर त्यांनी एका मोठ्या गोदामाचा कारभार पाहिला. तिथे प्रत्येक वस्तूला एक कप्पा होता, आणि दोन कप्प्यांत बसणारी वस्तू म्हणजे त्यांच्या मते बनवणाऱ्याची निव्वळ लबाडी. एकदा सोफा-कम-बेड आला, तर त्यांनी तो दिवसभर दारातच उभा करून ठेवला होता. हाताखालच्या माणसांनी त्यांचं नाव कप्पेसाहेब पाडलं. ते त्यांच्या कानावर आलं आणि आवडलंही.

गोदामात शेवटचा शब्द त्यांचा. घरात मात्र बायकोचा. लग्न झाल्यापासून तिने एकदाही “तुमचं खरं” म्हटलं नव्हतं. हे दुःख ते मनात ठेवत नसत, येणाऱ्याजाणाऱ्याला ऐकवत.

आता अर्धांगाचा झटका येऊन गेला होता आणि उजवा हात पांघरुणावर नुसता पडून होता. डॉक्टर म्हणत होते, हातात ताकद परत आली आहे, पण हे तो हात वापरतच नाहीत. वापरायला लागले की लगेच घरी सोडतो. व्यायाम घ्यायला येणारी फिजिओ रोज रबरी चेंडू पुढे करायची. “काका, एकदाच दाबा.” काका भिंतीकडे बघायचे. टनांनी माल हलवलेल्या माणसाने आता चेंडू दाबत बसायचं? बायकोने विनवून पाहिलं, रागावून पाहिलं, एकदा रडूनही पाहिलं. हात काही हलला नाही. खरं सांगायचं तर कप्पेसाहेब घाबरले होते. दाबायला जावं आणि दाबता येऊ नये, तेही सगळ्यांच्या देखत, त्यापेक्षा न दाबलेला बरा. हे त्यांनी कोणालाच सांगितलं नव्हतं.

आज बायको चेंडूबद्दल चकार शब्द काढत नव्हती. ती नुसती वाद घालत होती, आणि तोही भलताच कच्चा. कप्पेसाहेबांना बऱ्याच दिवसांनी बरं वाटत होतं.

“हातात धरता येतं ते हातातलं,” ती म्हणाली. “त्यात एवढा काय विचार करायचाय?”

“इस्त्रीही हातात धरतात. म्हणून ती काय कोणी बसमध्ये घेऊन बसतं?”

“हे बसमध्ये नेता येतं.”

“आणि स्टँड? वायर? ते कोण धरणार, ड्रायव्हर?”

फिजिओ चेंडू घेऊन दारात आली. बायकोने तिला नजरेनेच थांबवलं. कप्पेसाहेबांचं तिकडे लक्ष नव्हतं. त्यांना आता चांगलाच रंग चढला होता.

“जाऊ दे, तुम्हाला यातलं काही कळत नाही,” बायको म्हणाली. तिने यंत्र त्यांच्या मांडीवर ठेवून दिलं आणि खिडकीपाशी जाऊन उभी राहिली. “लहान मूलसुद्धा सांगेल, हातातलं आहे म्हणून.”

“मला कळत नाही?” कप्पेसाहेब ताठ बसले. “अगं, हातातली वस्तू म्हणजे छत्री. टॉर्च. एका हातात ती, दुसरा मोकळा. आणि याला बघ. या कडेला बटणं, त्या कडेला बटणं. माणूस पुरता अडकला. दोन्ही हात अडकवतं ते हातातलं कसलं? ते घरी निवांत बसून खेळायचं.”

“कुठे लागतात दोन हात? उगाच आपलं काहीतरी.”

“नाही कसे लागत? हे बघ. याने असं धरायचं. याने असं. आणि या अंगठ्याने खोकं सरकवायचं. बघतेयस ना?”

ती बघत होती. फिजिओही बघत होती. स्क्रीनवरचं खोकं सरकत गेलं आणि ट्रकच्या कोपऱ्यात नीट बसलं.

कप्पेसाहेब उलट उत्तराची वाट बघत राहिले. उत्तर आलं नाही. इतक्या वर्षांत असं कधी झालं नव्हतं. त्यांनी वर पाहिलं, तर बायकोने तोंडावर हात धरला होता. मग त्यांनी खाली पाहिलं. यंत्राच्या डाव्या कडेला त्यांचा डावा हात होता. उजव्या कडेला उजवा. तो यंत्र घट्ट धरून होता.

त्यांनी अंगठ्याने आणखी एक खोकं सरकवून पाहिलं. मग ते हळूच म्हणाले, “हातातलंच आहे गं हे.”

“छे,” बायको डोळे पुसत म्हणाली. “तुमचंच खरं. घरातलं आहे. चला, घरी घेऊन जाऊ.”