उजवा पाय

ड्रेसिंगच्या खोलीतल्या उंच पलंगावर बसून ताईने डावा पाय भावापुढे केला आणि उजवा हळूच चादरीखाली ओढून घेतला.

"दोन्ही हवेत, ताई."

"याचाच काढ फोटो. बघ कसा गोजिरवाणा झालाय. त्या दुसऱ्याला कशाला मध्ये घेतोस? उगाच तुझं नाव खराब."

धाकटा भाऊ कॅमेरा आणि मोजपट्टी घेऊन समोर स्टुलावर बसला होता. तो पेशींचा इंजिनिअर. माणसाच्या चरबीतून मूळपेशी काढायच्या, चिकट, पारदर्शक जेलमध्ये जगवायच्या आणि काही केल्या न भरणाऱ्या जखमेवर पसरायच्या, यात त्याची उमेदीची सगळी वर्षं गेली होती. प्रयोगशाळेत उंदरांच्या पाठी भरल्या, डुकरांच्या भरल्या. माणसांची पाळी आली तेव्हा पहिल्या काही जणांत साखरेने पाय सडलेली त्याची सख्खी बहीण होती.

डावी टाच भरून आली होती. गुलाबी, नवी कातडी, तान्ह्या बाळाच्या तळव्यासारखी.

"शास्त्रज्ञबुवा," कोपऱ्यातून भावोजी म्हणाले. त्यांच्या मांडीवर ताईच्या नव्या चपला होत्या. एक आज पायात जाणार होती, दुसरी नुसती तिच्या सोबतीला आली होती. "तुमची ताई रोज सकाळी त्या उजव्या पायाला फैलावर घेते. 'तुझा जुळा बघ, आणि तू! माझ्या भावाला खाली मान घालायला लावतोस?' शेजाऱ्यांना वाटतं, मलाच बोलतेय."

"मग काय करू? देवानं दोघे सारखेच दिले. औषध एकच, लावणारा हात एकच. डाव्यानं मान राखला, यानं दगा दिला. दोष पायाचाच ना?"

भावाने मोजपट्टी पुसली. ती स्वच्छच होती.

औषध एकच नव्हतं. डाव्या पायावर पेशी असलेलं जेल होतं, उजव्यावर नुसतंच. तसंच गार, तसंच पारदर्शक, आत काही नसलेलं. एकाच माणसाच्या दोन सारख्या जखमा, एकीला पेशी, दुसरीला नाहीत. पेशींचा गुण दाखवायला याहून चोख पुरावा नाही. डावा पाय कितीही सुंदर भरला तरी एकटा काहीच सिद्ध करत नव्हता. शेजारी उजवा तसाच उघडा होता, म्हणून त्याला किंमत. मोठ्या परिषदेत पडद्यावर हेच दोन पाय झळकणार होते. ताई लपवत होती त्याच पायाने त्याचं नाव होणार होतं.

सुरुवातीला त्याने हे तिला सांगितलं होतं. म्हणजे सांगितल्यासारखं केलं होतं. 'नियंत्रण जखम' असा भारदस्त शब्द वापरला होता आणि ताईने मान डोलावली होती. भाऊ बोलू लागला की ती मान डोलावतेच. अर्थ कळायची वाट बघत नाही.

आणि त्याच्याही आधी, ज्या दिवशी पट्ट्या सोडून तिने दोन्ही टाचा त्याला पहिल्यांदा दाखवल्या, तेव्हा त्याच्या तोंडून निघून गेलं होतं, "वा!" दोन जखमा, सारख्या रुंद, सारख्या खोल. अशी जोडी नशिबानेच मिळते. ताई तेव्हा हसली होती. तिला वाटलं, आपल्याला बरं करता येणार म्हणून भाऊ हरखला.

चादर त्याने स्वतःच बाजूला केली. उजवी जखम मागच्या वेळेपेक्षा रुंदावली होती. कडा करड्या, तळ पिवळट. अजून थोडी आत गेली तर हाडाला लागेल, असं तपासणारे डॉक्टर सकाळीच म्हणाले होते. पण अभ्यास संपण्याआधी त्या पायाला पेशी लावल्या, की जोडी मोडली. डाव्याच्या शेवटच्या थरासाठी आणलेली पेशींची कुपी खाली थंड डब्यात होती, त्याच्या बुटाला टेकलेली.

"दुखतं का गं?"

"मला कसलं दुखतंय? तिथं काही कळतच नाही. तुलाच दुखत असेल, एवढी मेहनत करून."

त्याने मोजपट्टी जखमेशेजारी धरली आणि डोळा कॅमेऱ्याला लावला. चौकटीत दोन्ही पाय नीट बसले. फोटो अगदी हवा तसा येणार होता. तोच जुना 'वा!' पुन्हा जिभेवर आला, आणि त्याचं त्यालाच कसंसं झालं.

"ताई, उजव्याला औषध लावलंच नव्हतं."

"म्हणजे? माझ्यासमोर लावलंस की."

"ते नुसतं जेल होतं. आत पेशी नव्हत्या. हा भरला आणि तो नाही भरला, असं लोकांना दाखवायचं होतं मला."

भावोजींच्या मांडीवरची एक चप्पल खाली पडली. ते उचलायला वाकले आणि तसेच वाकून राहिले.

 ताईकडून चार शब्द ऐकून घ्यायची भावाने तयारी केली. पण तिने कष्टाने गुडघा दुमडला, उजवा पाय मांडीवर घेतला आणि रडून दमलेल्या मुलाला थोपटावं तसा त्याच्या घोट्यावरून हात फिरवला.

"ऐकलंस ना?" ती पायाला म्हणाली. "तुझी काही चूक नव्हती रे. मीच मेली रोज तुला बोलत होते. माफ कर मला."

भावाने मोजपट्टी खिशात टाकली. थंड डब्याचं झाकण उघडून त्याने डाव्यासाठी आणलेली कुपी उजव्या पायाशी आणली.

"अरे," ताई म्हणाली, "आणि फोटो?"